पुन्हा हजेरी



बरेच दिवस इकडं फिरकलो नाही. तब्येत ठीक आहे, काळजी नसावी. लिहायला बसावं असं कारण मिळत नव्हतं, ते मागच्या आठवड्यात मिळालं. पुण्याच्या पुतण्याचा फोन आला. (लिहायला त्याची हरकत नाही, फक्त नाव नको म्हणाला.) वय सेहेचाळीस, कंपनीत नोकरी, दोन पोरं शिकणारी. सात महिन्यांपूर्वी त्याला कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, शेक झाले, रिपोर्ट चांगले आले. घरचे सगळे सुटलो म्हणून निवांत झाले आणि हा मला विचारतो, "काका, तुम्ही परत शाळेत गेलात तेव्हा पहिल्या दिवशी काय केलंत?"

हा प्रश्न मला आजवर कुणीच विचारला नव्हता. ऑपरेशन कुठं केलं, खर्च किती आला, कुणाच्या ओळखीनं गेलात, हे तीस वर्षांत शेकडो जणांनी विचारलं. शाळेत परत कसे गेलात हे नाही. फोनवर काहीतरी बोललो, पण समाधान झालं नाही. म्हणून इथं सविस्तर लिहितो. इतिहासाचा मास्तर आहे, सुरुवात जरा मागून करणार. चालवून घ्या.

आमचा निलंगा तालुका १९५६ सालापर्यंत बीदर जिल्ह्यात होता. त्यानंतर उस्मानाबादेत आला आणि १९८२ मध्ये नवा लातूर जिल्हा झाला त्यात गेला. माझ्या आजोबांच्या काळी मोठं दुखणं आलं की दोनच वाटा. एक हैदराबाद, कारण राज्य तिथलं. दुसरी मिरज. मिरजेला डॉक्टर वॉन्लेस यांनी १८९४ पासून मिशनचा दवाखाना चालवला होता, आणि बार्शी लाईटची छोटी गाडी १९११ साली लातूरपर्यंत व १९२७ साली मिरजेपर्यंत पोचली होती. लातुरात त्या खेळण्यासारख्या डब्यात बसायचं, कुर्डूवाडी-पंढरपूर करत मिरजेला उतरायचं. आमची आजी सांगायची, गाडी इतकी सावकाश की माणसं चढावर उतरून बाजूनं चालायची. खरं खोटं ती जाणे.

मुंबईला परळमध्ये टाटा हॉस्पिटल सुरू झालं २८ फेब्रुवारी १९४१ रोजी. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या, त्या दुःखातून ते उभं राहिलं. पण आमच्या भागातल्या माणसाला 'टाटाला नेलं' या दोन शब्दांचा अर्थ वेगळाच होता. नेलं म्हणजे गेला. माझ्या लहानपणी गल्लीतले एक आप्पा टाटाला जाऊन आले आणि चक्क चांगले झाले, तरी लोक त्यांना पाहुण्यासारखं वागवत. त्यांना दुकानाच्या गल्ल्यावर कुणी बसू दिलं नाही. ते ओट्यावर बसून असायचे, पुढं बरीच वर्षं जगले, पण गल्लीनं त्यांचा हिशेब आधीच मिटवला होता. मला त्या आप्पांची फार भीती वाटायची. आजाराची नव्हे, त्या ओट्याची.

तर आता माझी गोष्ट.

मला तंबाखूची सवय होती. लपवून काय करायचं? बी.ए.ला असताना लागली. डाव्या गालात बार धरायचा आणि तास संपला की थुंकायचा. पोरांना 'व्यसनाचे दुष्परिणाम' या विषयावर निबंध घालायचो तेव्हाही खिशात पुडी असायची. १९९३ च्या उन्हाळ्यात गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. दाखवू, दाखवू म्हणत राहिलो. त्यात ३० सप्टेंबरला पहाटे भूकंप झाला. किल्लारी आमच्या शेजारच्या औसा तालुक्यातलं. माणसं हजारोंनी गेली, आमच्याही तालुक्यात घरं पडली. पुढचे कित्येक महिने आम्ही मास्तर लोक याद्या करणं, पत्र्याच्या शेडात वर्ग भरवणं, पोरांना शोधून शाळेत आणणं यातच होतो. अशा वेळी गालातला चट्टा कोण बघतो? हे कारण मी बरीच वर्षं लोकांना सांगत आलो. खरं कारण भीती हेच होतं. भूकंप सोयीचा सापडला.

१९९४ च्या दिवाळीनंतर तोंड उघडेना. सोलापूरला तुकडा तपासायला दिला आणि मग मुंबई. गालाचा आतला भाग आणि जबड्याचा थोडा काढला, मानेतल्या गाठी काढल्या, नंतर सहा आठवड्यांत तीस शेक. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. तिथं अख्ख्या हिंदुस्थानची माणसं भेटली, पण तो विषय वेगळा, कधीतरी लिहीन. नाकातल्या नळीतून ताक आणि पेज घेत घेत मी एकच हिशेब करायचो, जूनला शाळा सुरू होते, तोवर आपण तयार होऊ का. वय पंचेचाळीस. थोरला नववीत, धाकटी पाचवीत. घरावर कर्ज.

त्या वेळच्या सरकारी रजानियमांत क्षय, कुष्ठ, पक्षाघात यांच्याच पंगतीला कर्करोगही बसवलेला होता. या रोग्यांना खास रजेची सवलत होती. आता वाटतं, ज्यानं कुणी हे लिहिलं तो चांगला माणूस असणार, माझ्यासारख्याचा पगार त्यानं वाचवला. पण पंगत कुणाची ते बघा. ज्या रोगांना लोक भितात आणि ज्यांच्या रोग्याचं भांडं वेगळं ठेवतात, नेमके तेच. आमच्या शाळेतही तेच झालं. (शाळेचं नाव लिहीत नाही. बरेचसे सहकारी आता हयात नाहीत आणि माणसं वाईट नव्हती.)

रुजू व्हायला डॉक्टरांचा फिटनेस दाखला लागतो. तो घेऊन गेलो. ऑफिसात तो कागद दोनदा वाचला गेला आणि मग मला प्रेमानं खुर्ची देण्यात आली. म्हणाले, "सर, घाई कशाला? अजून रजा शिल्लक आहे." मी म्हटलं, मला तास हवेत. त्यावर रुग्णता निवृत्ती कशी मिळते हे मला समजावून सांगण्यात आलं. एक सहकारी तर बाहेर व्हरांड्यात खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरगा अठराचा व्हायला तीन वर्षं आहेत ना? तेवढं ओढा. मग अनुकंपावर लागून जाईल." माणूस माझ्या भल्याचंच बोलत होता! मला हसू आलं, पण तोंड दोन बोटंच उघडायचं, त्यामुळे हसलो की रडलो हे त्यांना कळलं नसावं. पाण्याच्या माठाजवळ माझ्यासाठी वेगळा स्टीलचा पेला आला. त्यावर कुणीतरी खिळ्यानं खूणही केली होती. तो रोग पेल्यानं लागत नाही, हे शास्त्राच्या सरांनाही सांगावं लागलं.

मला तास मिळाले नाहीत. ग्रंथालय मिळालं. म्हणजे दोन कपाटं आणि एक टेबल. आप्पांचा ओटाच की हो!

पण तिथं एक चांगलं झालं. कपाटात अनिल अवचटांचं 'गर्द' सापडलं. पुण्यातल्या ब्राऊन शुगरच्या व्यसनावरचं. माझी तंबाखू आणि त्या पोरांची गर्द यांत किती साम्य आहे हे वाचताना मला घाम फुटला. त्या लिखाणातूनच पुढं 'मुक्तांगण' निघालं, २९ ऑगस्ट १९८६ रोजी, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. पु. ल. आणि सुनीताबाईंनी त्याला पैसे दिले. केंद्र उभं केलं आणि चालवलं ते अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांनी. त्या मनोविकारतज्ज्ञ. १९९७ साली त्या गेल्या, तेव्हा मला समजलं की त्यांना कॅन्सर होता आणि त्या आजारातही त्या मुक्तांगणचं काम करत राहिल्या होत्या. ज्या बाईचं काम मी माझ्या ओट्यावर बसून वाचत होतो, ती त्याच आजारासकट दुसऱ्यांची व्यसनं सोडवत होती. त्यांच्या नावानं मुक्तांगण 'संघर्ष सन्मान' पुरस्कार देतं. संघर्ष हा शब्द मला एरवी आवडत नाही, आपल्याकडं तो फार स्वस्त झाला आहे. पण इथं दुसरा शब्द सुचत नाही.

ऑगस्टमध्ये एक शिक्षक बदलून गेले आणि आठवी 'ब'चा इतिहास माझ्याकडं आला. दुसरा कुणी घेईना म्हणून.

इथं माझी खरी अडचण सुरू झाली. मास्तरचं हत्यार म्हणजे जीभ. ओठांचा डावा कोपरा जड झालेला, त्यामुळे प, फ, ब, भ, म ही ओठांची सगळी अक्षरं फुसकन निसटायची. लाळ सुटायची नाही, दर चार वाक्यांनी पाण्याचा घोट. आणि आमच्या मराठवाड्याचा इतिहास बघा कसा आहे! मुक्तिसंग्राम, स्वामी रामानंद तीर्थ, भाऊसाहेब वैशंपायन. सगळी माझ्या न येणाऱ्या अक्षरांची माणसं. पहिल्या आठवड्यात व्हरांड्यात एक पोरगा माझी नक्कल करत होता. हुबेहूब. बाकीचे हसत होते. मी खांबाआड उभा राहून ऐकलं आणि मला पहिल्यांदा कळलं की मी कसा बोलतो. घरचे लोक खोटं बोलत होते, "काही कळत नाही हो, अगदी पूर्वीसारखं," म्हणत होते. त्या पोरानं खरं सांगितलं.

मी त्याला काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी धडा त्यालाच मोठ्यानं वाचायला लावला. आवाज खणखणीत होता पठ्ठ्याचा. तो वाचायचा, मी हात वर केला की थांबायचा, मी फळ्यावर दोन शब्द लिहायचो, पोरं वाद घालायची. पूर्वी चाळीस मिनिटं मी एकटाच बोलायचो आणि त्याचा मला अभिमान होता. आता दहा मिनिटं बोलायचो. वर्षाच्या शेवटी आठवी 'ब'चा निकाल फार काही वेगळा लागला नाही, उगीच चमत्कार झाला असं सांगणार नाही. पण १७ सप्टेंबरच्या कार्यक्रमात दरवर्षी माझं भाषण असायचं, ते त्या वर्षी पत्रिकेतून गळालं होतं. त्या पोरांनी ऑफिसात जाऊन विचारलं, सरांचं भाषण का नाही? मग पाच मिनिटं मिळाली. 'मुक्तिसंग्राम' हा शब्द मी तीनदा टाळला आणि चौथ्यांदा म्हटला. आला तसा.

पेला मात्र दिवाळीपर्यंत राहिला. नंतर कधी गेला ते कळलंही नाही.

त्यानंतर मी तेरा वर्षं शिकवलं, २००८ साली निवृत्त झालो. त्या तेरा वर्षांत आजूबाजूचं बरंच बदललं. तपासणीला मला दर वेळी मुंबई गाठावी लागली नाही, बार्शीला जमायचं. बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल ही आमच्या भागातली मोठी गोष्ट, पण तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. १९८७ पासून तिथं टाटाच्या मदतीनं बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतल्या ३४६ गावांतल्या कॅन्सरच्या नोंदी ठेवायला सुरुवात झाली. ग्रामीण भागातली देशातली ती पहिली नोंदवही. डॉ. भगवान नेने आणि त्यांची माणसं गावोगाव जायची, कारण दवाखान्यात बसून वाट पाहिली तर आपली माणसं येतच नाहीत, आली तर फार उशिरा. (मी काय वेगळं केलं होतं?) पुढं औरंगाबादला २०१२ साली सरकारी कॅन्सर रुग्णालय झालं. लातुरातही आता उपचार होतात. निलंग्याहून सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येणारे रोगी मी बघतो.

आजाराचं नाव घेणंही सोपं झालं. त्यात माझ्या मते २००४ सालाचा वाटा आहे. राजकारण बाजूला ठेवा, घरातले निम्मे लोक पवारांचे आणि निम्मे विरोधातले हे मला माहीत आहे. त्या वर्षी लोकसभेच्या निवडणुकीच्या ऐन धामधुमीत शरद पवारांना तोंडाचा कॅन्सर निघाला. वय त्रेसष्ट. ऑपरेशन झालं, मे महिन्यात ते केंद्रात कृषिमंत्री झाले, दुपारपर्यंत खात्याचं काम आणि मग उपचाराला, असं त्यांनी स्वतःच नंतर भाषणांत सांगितलं. तंबाखू-सुपारीचा पश्चात्तापही त्यांनी जाहीर सांगितला. त्याआधी मला बसस्टँडवर लोक हळूच विचारायचे, "सर, बरं हाव का आता? ते... तसलं..." २००४ नंतर सरळ म्हणायला लागले, "पवारसाहेबांला झालतं तेच ना?" माझ्या आजाराला दहा वर्षांनी का होईना, बोलता येण्यासारखं नाव मिळालं. गुटखाबंदी राज्यात पक्की झाली ती २०१२ मध्ये. आमच्या चौकातल्या टपरीवर बंदी कुठं आहे ते विचारू नका.

पण मला एक वेगळी बाजूही मांडायची आहे, आणि ती पुतण्यासाठी महत्त्वाची आहे. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर. २०१८ मध्ये स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. जानेवारी २०१९ च्या अखेरीस नाकात नळी घालून ते मांडवीवरच्या नव्या पुलाच्या उद्घाटनाला आले, तीन दिवसांनी तशाच अवस्थेत विधानसभेत अर्थसंकल्प मांडला. १७ मार्चला गेले. टीव्हीवर ते दृश्य बघून माझ्या बायकोनं पदर डोळ्याला लावला आणि मी मात्र चिडलो. त्यांच्यावर नाही. "बघा, याला म्हणतात जिद्द," असं म्हणणाऱ्यांवर. नळी नाकात असते तेव्हा घसा कसा सोलतो हे मला माहीत आहे. त्या माणसाला स्वतःला काम हवं होतं तर तो त्याचा हक्क. पण ते दृश्य दाखवून दुसऱ्या रोग्याला 'तू का घरी बसलास' म्हणणं हा निव्वळ दुष्टपणा आहे. त्याच सुमारास नट शरद पोंक्षे कॅन्सरमधून जात होते. त्यांनी उपचार पुरे केले, मग २०१९ मध्येच 'हिमालयाची सावली' घेऊन रंगमंचावर परत आले. त्यांचं 'दुसरं वादळ' हे पुस्तक याच अनुभवावर आहे. आवाजावर पोट असलेल्या माणसाचं पुनरागमन म्हणून मला ते जास्त जवळचं.

आणि हे सगळे, मी धरून, नोकरीवाले किंवा नावाजलेले. ज्यांना परत जायला एक खुर्ची असते.

माझी बहीण उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात दिलेली. तिच्या गावी २००० च्या आसपास बार्शीची माणसं आली होती. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी. गावाला वाटलं साधं शिबिर आहे. प्रत्यक्षात तो जगभर गाजलेला प्रयोग होता. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायका, गावांचे ५२ गट, कुणाला कोणती तपासणी ते आधी ठरलेलं. २००९ साली त्याचे निष्कर्ष अमेरिकेतल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आले. विषाणूची तपासणी एकदाच केली तरी या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यानं कमी होतात, असं निघालं. आपल्या ज्वारीच्या रानातल्या बायकांमुळे हे जगाला कळलं! एका गटातल्या बायकांची मात्र तपासणी झालीच नाही, फक्त तुलनेला ठेवल्या. त्यावरून पुढं बराच वाद झाला आणि तो होणं योग्यच होतं असं मला वाटतं.

बहिणीच्या तपासणीत काहीतरी निघालं. गोठवण्याचा एक छोटा उपचार केला, घरी सोडलं. मी धावत भेटायला गेलो तर बाई घरात नाही. रानात खुरपायला. मी रागावलो, चार दिवस रजा घ्यायची नाही का? ती खुरपं न थांबवता म्हणाली, "दादा, कुणाला अर्ज करू?"

हे मी पुतण्याला फोनवर सांगितलं नव्हतं. तुझ्या आत्याचं आहे, तुला माहीत असावं म्हणून इथं लिहिलं.

काल त्याचा परत फोन होता. सोमवारपासून अर्धा दिवस ऑफिसला जाणार आहे. जेवणाचा डबा मऊ भाताचा, पाण्याची बाटली मोठी, हे मी सांगितलं ते त्यानं लिहून घेतलं. पुन्हा तोच प्रश्न, पहिल्या दिवशी काय केलंत? मी म्हटलं, जूनमधला म्हणशील तर कपाटं पुसली. आठवी 'ब'चा पहिला तास म्हणशील तर हजेरी घेतली. बेचाळीस पोरं होती, सगळ्यांची नावं नीट घ्यायला पाऊण तास गेला आणि तेवढ्यात घंटा झाली.